गिरणीपर्यंत

भेस्तान, सुरत
२० फेब्रुवारी २०२५

सौ. मंदाबाई लोटू देवरे, कोसाड, यांस,

मोठ्या जावेने धाकटीला लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' घालायची रीत आहे. ते मी सध्या थांबवून ठेवले आहेत.

सुरतेहून सुरतेलाच पत्र चाललेलं पाहून पोस्टमन हसेल. हसू दे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेल्या बाईचा फोन तुम्ही गेल्या श्रावणापासून उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा उमटवता आणि हात जोडल्याचं चित्र पाठवता. हात जोडणं हे उत्तर नसतं. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

काय झालं होतं ते तुम्ही विसरला असाल, म्हणून लिहिते. श्रावणातला सोमवार, कानबाईच्या विसर्जनाची सकाळ. सगळी भाऊबंदकी आमच्या दारात उभी. बँडवाले आलेले. नारळाची देवी कानबाई नथ घालून, लुगडं नेसून चौरंगावर बसलेली. आपल्या घरात हा चौरंग मोठी सून उंबऱ्यातून उचलते, डोक्यावर घेते आणि मध्ये कुठे न टेकवता पाण्यापर्यंत नेते. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी मी तो कालव्यापर्यंत नेला. त्या दिवशी मी वाकले, गुडघा जरा अडकला, एक क्षण थांबले. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात, माझ्या हातातून चौरंग घेतलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "ऱ्हाऊ द्या ताई. तुमनं वझं तुमलेच पेलत नही."

बायका हसल्या. बँडवालासुद्धा हसला, आणि तो तर अहिराणी समजत नाही.

मी तेव्हा ब्याऐंशी किलो होते, हे खरं आहे. ते सांगायला वजनकाटा होता. तुमची गरज नव्हती.

तर कळवायचं ते हे, की आता मी पासष्ट किलो आहे. दिवाळीनंतर सुरुवात केली आणि सतरा किलो उतरवले. इथल्या बागेत चंचलबेनचा गट आहे. शनिवारी सकाळी ओळीने वजनं होतात. बायका चपला काढतात, बांगड्या काढतात, एकीने तर मंगळसूत्र काढून काट्याशेजारी ठेवलं होतं. दर आठवड्याला दोन किलो उतरलेच पाहिजेत, नाही उतरले तर चंचलबेन सगळ्यांसमोर नाव घेते. पहिले दोन महिने माझं नाव तिला एकदाही घ्यावं लागलं नाही. मी रीतसर उपास धरले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. उरलेल्या दिवशी सकाळी काकडी आणि संध्याकाळी सूप. देवांना एवढं कामाला कधी कोणी लावलं नसेल. उपासाला चार घास साबुदाणा, नाहीतर एक रताळं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास करायच्या, त्यांनी मला पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

सगळे विचारतात, कसं केलंत. जिन्यात, भाजीवाल्याकडे, लग्नात. लोटूभाऊजी परवा सचिन गावच्या कारखान्यातून परत जाताना डोकावले, ते दारातच थांबले. "वहिनी, तुम्ही ते काडीगत व्हई ग्यात," म्हणाले. घरी त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. सांगितलं नसेल तर मी सांगते.

येत्या श्रावणात चौरंग मी उचलणार. उंबऱ्यापासून कालव्यापर्यंत. मध्ये कोणाचा हात लागलेला मला चालणार नाही, तुमचा तर नाहीच.

एवढंच. लोणच्याची बरणी उघडायला यांना, म्हणजे तुमच्या जेठांना, हाक मारावी लागली आणि ते येईपर्यंत भात निवला. बरण्यांची झाकणं हल्ली फार घट्ट बनवतात.

प्रमिला श्रीरंग देवरे


भेस्तान
१९ मार्च २०२५

मंदाबाई,

अक्षराकडे लक्ष देऊ नका. पेन खराब आहे.

तुम्ही गायत्रीला माझी चौकशी करायला पाठवलंत. स्वतः न येता मुलीला पाठवायचं, हे बरं आहे. मी तिला चहा दिला आणि काही झालेलं नाही असं सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. मी पडले वगैरे जे कोणी म्हणत असेल, ते खालच्या मजल्यावरच्या पुष्पाबाईंचं काम आहे. त्यांना वरून भांडं पडल्याचा आवाज आला तरी त्या माणूस पडलं म्हणतात.

चौरंगाचा एक पाय निखळला आहे. लाकूड जुनं झालं. सुताराला दाखवते आहे. कानबाईचा चौरंग आहे म्हणून तुम्हाला कळवलं, नाहीतर कळवायचं कारण नव्हतं.

उन्हाळा लवकर सुरू झाला.

प्रमिला


भेस्तान
२९ मार्च २०२५

मंदा,

तुम्ही-आम्ही पुरे झालं. मनासारखं रागवायला 'तू' लागतं.

तुझ्या मुलीने तुला सगळं सांगितलं, हे मला तिच्याच तोंडून कळलं. एवढी फिजिओथेरपी शिकली, पण पेशंटची गोष्ट पोटात ठेवायची असते हे तिला शिकवलेलं दिसत नाही. मग माझ्याकडून ऐक, म्हणजे मीठमसाला तरी लागणार नाही.

मी माळ्यावरून चौरंग काढला. त्यावर पाच किलोची ज्वारीची पिशवी ठेवली, कानबाई आणि तिच्या दागिन्यांच्या जागी. म्हटलं, श्रावणाआधी डोक्याला सवय व्हावी. तुझे जेठ बाहेर गेले होते. मी वाकले, उचलला, छातीपर्यंत आला. तिथून वर जाईना. मी सतरा किलो हलकी झाले होते, म्हणजे अंगात वारा भरल्यासारखं उडायला हवं होतं. उलट मांड्या थरथरायला लागल्या. पूर्वी ब्याऐंशी किलो अंग घेऊन मी तोच चौरंग वर नेला होता आणि आता पाय म्हणत होते, आम्ही इथे राहत नाही. मी बसले. बसले म्हणजे पडले. चौरंग बाजूला आदळला, मनगट खाली आलं. हाड मोडलं नाही, मुका मार आहे. ज्वारी अजून कपाटाखालून निघते आहे.

मागचं पत्र मी डाव्या हाताने लिहिलं. पेन चांगलं आहे.

आता गायत्रीचं ऐक. आली ती डॉक्टरी थाटात. मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवायला लावले आणि म्हणाली, आता हाताचा आधार न घेता उठा. मी म्हटलं, मी काय बालवाडीत आहे? म्हणाली, उठा तर. मी पुढे झुकले, उठायला गेले आणि परत खुर्चीत. पुन्हा तेच. तुझे जेठ दारात उभे राहून बघत होते. त्यांना मी पाणी आणायला पाठवलं, तहान नव्हती तरी.

काय खात होतात ते तिने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिच्या तोंडून गुजराती बाहेर आलं. चिडली की ती गुजरातीत जाते, तुला माहीत आहे. "मोटी आई, आवुं ना चाले," म्हणाली, असं नाही चालायचं म्हणे. साबुदाणा, रताळं, काकडी, सूप, यात डाळ कुठे आहे, दही कुठे आहे, दूध कुठे आहे? मी म्हटलं, उपासात डाळ खातात का? तेव्हा ती जे बोलली ते तसंच लिहिते:

"काटा तुमचं वजन सांगतो, मोटी आई. काय गेलं ते सांगत नाही. चरबीबरोबर तुमच्या मांड्याही गेल्यात."

नात्यातली तरुण मुलगी मोठ्या माणसांच्या मांड्यांबद्दल अशी बोलते, हे संस्कार तुझे. पण मला राग त्याचा नाही आला. राग आला तो सगळ्या मेल्या जिन्याचा. चार महिने हा जिना मला म्हणतोय, प्रमिलाबेन, किती छान, किती बारीक, काय रहस्य आहे? एकाने विचारलं नाही की जिना चढताना कठडा का धरतेस. पुष्पाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी मला कठडा धरून चढताना पाहिलं आणि वर विचारलं, डाएटचा कागद मिळेल का. एखादं माणूस आजारी पडून वाळलं तर लोक फळं आणतात. तेच जाणूनबुजून वाळलं तर टाळ्या वाजवतात.

शनिवारी बागेत गेले आणि चंचलबेनला सगळ्या बायकांसमोर विचारलं, आठवड्याला दोन किलो हा आकडा कुठून आणला? ती म्हणाली, टार्गेट मोठं ठेवलं तर माणूस धावतो. मी म्हटलं, धावायला पाय लागतात. मग तिला तिच्याच बाकावर बसवलं, हात छातीवर ठेवायला सांगितले आणि म्हटलं, ऊठ. आता मी त्या गटात नाही. मला काढलं की मी सोडलं, यावर बागेत मतभेद आहेत.

तुझ्या मुलीने मला वेळापत्रक दिलंय. ते पाळायचं की नाही हे मी ठरवेन.

प्रमिला


भेस्तान
३० एप्रिल २०२५, आखाजी

मंदा,

आज आखाजी. माहेरवाशिणींचा सण, आणि मी बसलेय तुला पत्र लिहीत. यावरून माझी अवस्था ओळख.

कळण्याच्या पिठाचा डबा मिळाला. चिठ्ठी नाही, निरोप नाही, गायत्रीच्या हातात नुसता डबा. वर झाकणाला चिकटपट्टी, म्हणजे मला उघडता येणार नाही असं गृहीत धरलेलं. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ मला माहीत नाही असं वाटलं का तुला? मी भुसावळला शिकले, लंडनला नाही. गायत्रीने तुला सांगितलं असणार की मोटी आईला डाळ खायला घाल, आणि तुला कळणा आठवला. मी काय दुष्काळग्रस्त आहे? डबा परत पाठवणार होते.

भाकऱ्या चांगल्या झाल्या. तुझे जेठ म्हणाले, अशा भाकऱ्या आईच्या हातच्या खाल्ल्या होत्या. म्हणून सांगते, पीठ जरा जाडसर दळलंयस.

वेळापत्रक मी पाळते आहे. तुला आनंद व्हावा म्हणून नाही. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं, यातलं काहीतरी. उपास एकच, सोमवारचा, आणि त्यालाही दूध, ताक, दाणे. बाकीच्या देवांची मी माफी मागितली. दत्त समजूतदार आहेत, मारुतीला तर माझं म्हणणं लगेच पटलं असणार. एक दिवसाआड व्यायाम. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पायरीवर चढणं-उतरणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं. तुझी मुलगी समोर बसून मोबाईल बघत असते, पण मी एकदा कमी केलं की तिला बरोबर कळतं.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. काटा एक किलो वर गेला. मी तिला म्हटलं, हे काय? एवढा घाम गाळून वजन वाढलं? तर ती हसली. मला न विचारता काटा उचलून पलंगाखाली ढकलला. म्हणाली, थोडं वाढू दे. पुढे अजून उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या पलीकडे जायचं नाही, आणि तेही खात-पीत, व्यायाम करत. मग मी विचारलं, श्रावणापर्यंत काय? कालवा?

ती म्हणाली, "गिरणीपर्यंत."

पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. अर्ध्या वाटेत. मी तिला विचारलं की मध्ये न टेकवण्याचा नियम तिला माहीत आहे का. म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, मग गिरणीपाशी कानबाई काय रिक्षात बसेल? ती म्हणाली, "ते तुम्ही दोघी बघा. मी फक्त पायांचं सांगते."

दोघी म्हणाली ती. मी तिला घरी जायला सांगितलं. ती गेली, आणि परवा पुन्हा आली. निर्लज्ज आहे. कोणावर गेली ते मी लिहीत नाही.

लहानपणापासून मी जे ठरवलं ते पुरं केलं. वर्गात पहिली येईन म्हटलं आणि आले. एक्स्चेंजमध्ये परीक्षा द्यायची म्हटलं आणि दिली. आता एक पोरगी मला सांगते की अर्धंच ठरवा. अर्ध्या वाटेचं ध्येय ठेवायला मला शरम वाटते. तुला वाटणार नाही, कारण तू मागच्या वर्षी पूर्ण नेलास. सगळ्यांना आठवतंय. मी तर विसरूच शकत नाही.

आमरस केला होता. एक वाटी घेतला. कोणी हिशेब मागू नये.

प्रमिला


भेस्तान
२२ जून २०२५

मंदा,

तुझी फसवेगिरी उघडकीला आली आहे.

आज रविवार. लोटूभाऊजी येऊन गेले, दुरुस्त केलेला चौरंग बघायला. सुताराने नवा पाय बसवलाय, रंग जरा वेगळा आहे, पण आता हत्ती बसला तरी हलणार नाही. भाऊजी पोहे खात होते. मी सहज म्हटलं, मंदा या वर्षीही पूर्ण नेईल, तिला काय, काडीसारखी हलकी आहे. भाऊजी भोळे आहेत. म्हणाले, "कसानं वहिनी. ती तं महिनाभर मान वळाये नही."

मग सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी कालव्यावरून घरी गेलीस ती थेट अंथरुणात. गळ्याला पट्टा. मान एका बाजूला, हात मुंग्यांनी भरलेला. आणि हे कोणाला सांगायचं नाही अशी घरात ताकीद. म्हणजे फोन न उचलण्याचं एक कारण हेही होतं, की आवाजावरून मला कळलं असतं. मी आवाजावरून माणसं ओळखायचेच पैसे घेत होते.

मला किती राग आला हे तुला सांगता येत नाही. सगळ्यांसमोर मला ओझं म्हणालीस आणि स्वतः महिनाभर उशीला खिळून पडलीस. जन्मभर तुझं कौतुक ऐकलं मी. मंदा कशी सडपातळ, मंदाला दोन मुलं झाली तरी कंबर कशी. सासूबाईसुद्धा तुझं उदाहरण द्यायच्या. आणि तुझ्या त्या सडपातळ मानेत एक चौरंग पेलायची ताकद नाही. बारीक असणं म्हणजे बळकट असणं, हे या घरात कोणी ठरवलं होतं? मीही तेच धरून चालले आणि तुझ्यासारखी व्हायला गेले. त्यातून काय उरलं ते तू ऐकलंस.

मला कळवलं असतंस तर मी हसले असते, नक्की हसले असते. पण नंतर आले असते. शेक दिला असता. सासूबाईंच्या वेळचं ते तेल माझ्याकडे अजून आहे.

गायत्रीला विचारलं, आईची मान तू का नाही बघितलीस? ती म्हणाली, तुम्ही निदान ओरडता तरी. आई ऐकतच नाही, हो म्हणते आणि करत नाही. तिच्या आवाजात जे होतं ते मी तुला ऐकवू शकत नाही, कारण तू फोन उचलत नाहीस.

माझं म्हणशील तर मी आता हात न लावता खुर्चीवरून उठते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जिन्याचा कठडा सोडला. बरण्यांची झाकणं हल्ली बरी बनवतात.

प्रमिला


भेस्तान
२९ जुलै २०२५, नागपंचमी

मंदा,

हे पत्र गायत्रीच्या हाती देते आहे, कारण रविवारच्या आत पोस्टाने पोचेल याचा भरवसा नाही. ही सूचना समज. विनंती मी करत नाही.

रविवारी कानबाई बसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू निवडून झाले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तुझ्या जेठांच्या, लोटूभाऊजींच्या, आपल्या मुलांच्या, तान्ह्या नातवाच्यासुद्धा. तान्ह्याला दात नाहीत, पण त्याची मूठ आहे. चौरंग डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या नावाने चिमूटही नाही. मी हे सासूबाईंना एकदा बोलले होते, तर त्या म्हणाल्या होत्या, तू शिकलेली आहेस म्हणून तुला असं सुचतं. या वर्षी मी त्यात दोन मुठी जास्तीच्या टाकल्या. कोणाच्या नावाने ते विचारायचं नाही.

सोमवारी सकाळी उंबऱ्यातून चौरंग मी उचलणार. त्यावर चर्चा नाही.

आता पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा नीट वाच. ज्वारीची पिशवी ठेवून मी रोज चालून बघते. तुझे जेठ मागे हात धरून चालतात, जसं काही मी सायकल शिकते आहे. पाठ ताठ राहते, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आमच्या डोक्यावर अॅटलास ठेवून व्हरांड्यात चालायला लावायच्या आणि जिचा अॅटलास पडेल तिला नद्यांची नावं म्हणायला लावायच्या. मी कधीच नद्या म्हटल्या नाहीत. पण गिरणीपाशी आलं की मांड्यांत पुन्हा तीच थरथर सुरू होते. सुरुवातीला ती दारातच व्हायची. गायत्री म्हणते, पुढच्या वर्षी गिरणीपलीकडच्या निंबाच्या झाडापर्यंत जाईल. हट्टाने पुढे गेले तर कदाचित आत्ताच निंबापर्यंत जाईन, आणि कदाचित कानबाईसकट रस्त्यावर बसेन. तो धोका मी ज्वारीबरोबर घेतला. तिच्याबरोबर घेणार नाही.

म्हणून गिरणीपर्यंत मी. तिथून कालव्यापर्यंत तू. चौरंग टेकवायचा नाही, डोक्यावरून डोक्यावर द्यायचा. पुढे मला जमणार नाही. हे मी एकदाच लिहिते आहे, जपून ठेवायचं तर ठेव.

तुझ्या मानेचा विचार मी केला आहे. गिरणीपासूनचं अंतर तुला झेपेल असं गायत्री म्हणते, पूर्ण वाट नाही. ते शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं. तेव्हा मागच्या वर्षीसारखी दारात पुढे-पुढे करू नकोस. गिरणीच्या ओट्याजवळ उभी राहा. पदर खोचून.

प्रमिला


भेस्तान
५ ऑगस्ट २०२५

मंदा,

काल तू न जेवता गेलीस.

कालव्यावरून सगळे घरी आले, पानं मांडली, तर तू लोटूभाऊजींना घेऊन रिक्षात बसलेली. मान दुखायला लागली म्हणून गेलीस की मी बोलले त्याचा राग आला म्हणून, हे गायत्री सांगत नाही. आता तिला पेशंटच्या गोष्टी पोटात ठेवायला जमायला लागलंय.

मी जे बोलले ते परत घेणार नाही. गिरणीपाशी तू ओट्याला टेकून उभी होतीस. पदर खोचलेला होता, ते मी पाहिलं. थरथर सुरू झाली होती. अजून दहा पावलं मी नक्की गेले असते. बँड वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या, आणि मला वाटलं, जावं. तुझे हात वर आले. मग वर्षभर गिळलेलं तोंडात आलं, आणि जन्मात जी भाषा मी धड बोलले नाही, तिच्यातच आलं. "ले मंदा," मी म्हटलं. "मनं वझं मी आठलोंग आनं."

माझं ओझं इथवर मी आणलं, एवढंच तर बोलले. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं नाही, कारण चौरंग मध्ये होता. पण तू घेतलास. तुझे हात माझ्या हातांवर आले, मी काढून घेईपर्यंत तू वाट पाहिलीस, मग उचललास. पुढे तू चाललीस आणि मी मागून चालले, रिकाम्या हातांनी. इतक्या वर्षांत कानबाईच्या मागून मी कधी चालले नव्हते. तुझी मान एकदाही वाकडी झाली नाही. मी निंब मागे पडल्यापासून तिच्याकडेच बघत होते.

लोकांनी काय म्हटलं ते ऐक. पुष्पाबाई म्हणाल्या, प्रमिलाबाई, वजन परत थोडं वाढलं का? मी म्हटलं, हो, आणि तुम्हाला उचलून दाखवू का? लोटूभाऊजींच्या म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या, अर्ध्यात दिला, आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं. त्यांना मी सांगितलं की आता होत जाईल.

कामाचं लिहिते. रोट उरला आहे. पुरण, पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं. तुम्ही दोघं गेलात म्हणून उरलं. रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा, हा नियम मी केलेला नाही. त्यात लोटूभाऊजींच्या नावाची सव्वा मूठ आहे. शिवाय त्या दोन मुठी आहेत, ज्यांच्याबद्दल विचारायचं नाही असं मी लिहिलं होतं. त्यातली एकच मी खाऊ शकते. तुझ्या मुलीने मला दोन पोळ्यांच्या वर बंदी केली आहे, आणि तुझ्या वाटणीचं खाऊन मी पुन्हा ब्याऐंशीवर जाणार नाही.

शनिवारी पौर्णिमा. त्याआधी ये. तेल कोमट करून ठेवते. जेवायच्या आधी तुला खुर्चीवर बसवून, हात छातीवर ठेवायला लावून, उठायला सांगणार आहे. तेव्हा साडी सुटसुटीत नेस.

आशीर्वाद अजून थांबवलेलेच आहेत. तू जेवल्यावर बघू.

ताई